न पाठवलेले गुण

बाईंचं वाचन फार सावकाश. बाकीच्यांचं पान उलटून व्हायचं तेव्हा बाई अजून तिसऱ्या परिच्छेदात असायच्या, आणि तिथूनही एखादं वाक्य नीट कळलं नाही म्हणून दोन ओळी मागे जायच्या. थोरल्या भावानं त्यांचं नाव 'गोगलगाय' ठेवलं होतं. बाईंची साठी उलटली तरी त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय गं गोगलगाये, पोचलीस का कुठे?"

या सावकाशीनंच सतराव्या वर्षी त्यांचा घात केला. शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात जायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी सामायिक परीक्षा द्यावी लागे. सहाशे गुणांची, घड्याळ लावून. घंटा झाली तेव्हा बाईंचे अकरा प्रश्न वाचायचेच राहिले होते. प्रवेश चार गुणांनी हुकला. मग त्या दुसऱ्या एका साध्यासुध्या कॉलेजात शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भाषा शिकवली. वर्गात पोरं त्यांना घाबरायची नाहीत आणि तरीही गप्प बसायची. शिक्षकाला याहून मोठं सुख नसतं असं त्या म्हणायच्या. चष्म्याचं दुकान चालवणारा शांत स्वभावाचा नवरा मिळाला. आयुष्याबद्दल तक्रार अशी नव्हतीच. फक्त सामायिक परीक्षेचा विषय निघाला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, ती विषय बदलेपर्यंत जायची नाही.

निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी कपाटं आवरली. सातव्या महिन्यात आवरायला कपाट उरलं नाही. त्याच सुमारास त्याच नावाजलेल्या कॉलेजाची जाहिरात आली. प्रवेशाच्या हंगामात अर्ज वाचायला माणसं हवी होती, चार महिन्यांसाठी, शिक्षकांना प्राधान्य.

नवरा म्हणाला, "कर की अर्ज. ज्यांनी तुला दारातून परत पाठवलं, त्यांच्या दारात आता तूच बसशील."

"अहो, सूड घ्यायला चाललेय का मी?"

"नाही गं. पण घरात बसून तू आता माझं कपाट आवरायला घेशील, त्याची मला भीती वाटते."

बाईंनी अर्ज केला आणि त्यांना घेतलंही. त्या रुजू झाल्या त्याच वर्षी कॉलेजानं नवा नियम काढला होता: सामायिक परीक्षेचे गुण पाठवायचे की नाही, हे मुलांनी ठरवायचं. पाठवले तर बघू, नाही पाठवले तर त्यावाचून अर्ज वाचू. नियम वाचून बाईंना इतका आनंद झाला की घरी येताना त्या बसनं दोन थांबे पुढे गेल्या.

वाचनाची खोली ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक दिवा, आणि खिडकीखाली एक हीटर. तो मधूनच घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा. प्रत्येक अर्ज दोन जणांनी वेगवेगळा वाचायचा, पेन्सिलीनं शेरा लिहायचा, मग समोरासमोर बसून एकमत करायचं. एकमत झालेला अर्ज प्रवेश समितीकडे जायचा. शेवटचा निर्णय समितीचा.

बाईंच्या वाट्याला जोडीदार म्हणून आले ते याच कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक. त्यांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणत, कारण ते काहीही सांगताना पूर्ण आकड्यावर थांबत नसत. चहा कसा झालाय विचारलं तर "दहापैकी सहा पूर्णांक चार" असं उत्तर यायचं. ते दिवसाला तीस अर्ज वाचत, बाई पंधरा. पहिल्या महिन्यात प्रवेश विभागाच्या साहेबांनी बाईंना बोलावून हे हळूच लक्षात आणून दिलं. बाई म्हणाल्या, "साहेब, मला पळता येत नाही. नको असेन तर सांगा." साहेब वयानं तरुण पण समजूतदार होते. बाईंनी शेरा मारलेला अर्ज समितीतून प्रश्न लागून परत येत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी विषय तिथेच सोडला.

दशांशांशी मात्र रोज वाद. ते म्हणत, "गुण नाहीत म्हणजे मला एक डोळा बांधून वाचायला लावलंय." बाई म्हणत, "सर, तुमचा तो डोळा पोरांचे कपडे बघतो, पोर नाही." असं बोलून दोघंही खाली मान घालून पुढचा अर्ज घेत. भांडण रोजचं असलं तरी चहाला मात्र दोघं बरोबरच जात.

दुसऱ्या हंगामातली गोष्ट. मुदत संपून आठवडा झाला होता. बाईंच्या हातात एका लहान गावच्या मुलीचा अर्ज आला. त्या गावाच्या शाळेतून या कॉलेजात आजवर कुणीही आलेलं नव्हतं. मुलीची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथे इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. मुलगी शाळा सुटली की तिथे घड्या घालायला जायची. तिनं निबंध लिहिला होता तो फाटक्या चादरींवर.

चादरी एकाच कोपऱ्यात फाटत होत्या. मुकादम म्हणायचा, बायका ओढाताण करतात. बायका म्हणायच्या, मशीन जुनं झालंय. मुलीनं काय केलं, तर पन्नास चादरींच्या कोपऱ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्याची गाठ मारली आणि तीन आठवडे त्या चादरी कुठून कुठे जातात ते पाहिलं. शेवटी चोर सापडला तो वाळवणाऱ्या ड्रमच्या दारात. दाराच्या कडीचं टोक केसाच्या जाडीइतकं वर आलं होतं. ते कानशीनं घासून काढलं. पुढे तिनं लिहिलं होतं, 'त्यानंतर चादरी फाटणं जवळजवळ थांबलं. जवळजवळ म्हणते, कारण दोन चादरी मुळातच विरलेल्या होत्या.'

'जवळजवळ म्हणते' हे शब्द बाईंनी तीनदा वाचले. चौतीस वर्षांत त्यांनी निबंधांचे ढीग तपासले होते. पण आपल्या यशातून दोन चादरी प्रामाणिकपणे वजा करणारं पोर त्यांना भेटलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि शेऱ्यात 'अवश्य' असं लिहून खाली रेघ ओढली.

दशांशांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'सांगता येत नाही.'

दोघं समोरासमोर बसले.

"सर, हा निबंध वाचलात ना?"

"वाचला. उत्तम आहे. कुणी लिहिला?"

"म्हणजे काय? तिनंच."

"बाई, गेल्या आठवड्यात तीन निबंध तुम्हीच पकडलेत. शिकवणीवाल्यांनी घासूनपुसून दिलेले. तुम्हाला वास येतो, मला नाही येत. समितीला तर मुळीच येत नाही. त्यांना मी काय सांगू, बाईंच्या नाकावर भरवसा ठेवा?"

"शाळेतले गुण बघा."

"भरपूर आहेत. पण ही शाळा आपल्याला माहीत नाही. तिथे सगळ्यांनाच भरपूर मिळत असतील. आणि शिफारसपत्र बघितलंत?"

बाईंनी ते पाहिलं होतं. तीन ओळींचं होतं. 'ही विद्यार्थिनी मेहनती व नम्र आहे. हजेरी उत्तम. तिला शुभेच्छा.' चारशे मुलांना एकच मार्गदर्शक शिक्षक, असं अर्जासोबत आलेल्या शाळेच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. त्या बिचाऱ्या शिक्षकानं तीन ओळी लिहिल्या हेच खूप. मोठ्या शाळांतून दोन-दोन पानी पत्रं यायची, त्यात पोरगं लहानपणी कसं रांगायचं एवढंच काय ते राहायचं.

"मग उभं कशावर राहायचं?" दशांशांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुरघोडी नव्हती. त्यांना खरंच उभं राहायला जागा हवी होती, हे बाईंना जाणवलं.

त्यांनी ते माहितीपत्रक पुन्हा वाचायला घेतलं. दशांश घड्याळाकडे बघत होते. मागच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ होती: सामायिक परीक्षा, शाळेची सरासरी तीनशे बारा, यंदाचे सर्वाधिक गुण चारशे सत्त्याण्णव.

"सर, हे चारशे सत्त्याण्णव कुणाचे?"

दशांशांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पत्रक नाकाजवळ नेलं. "तिचे असतील तर ही फारच मोठी गोष्ट आहे. सरासरीच्या एकशे पंच्याऐंशीनं वर! पण तिचे असते तर तिनं पाठवले नसते का?"

"नसते पाठवले," बाई म्हणाल्या.

कारण ते त्यांना आतून कळलं होतं. कॉलेजाच्या संकेतस्थळावर ठळक छापलेलं होतं की इथल्या मुलांची सरासरी पाचशे एक्कावन्न. लहान गावातल्या पोरीनं ते वाचलं असणार, आपले गुण त्याच्या शेजारी ठेवून पाहिले असणार, आणि मुकाट्यानं झाकले असणार. सतराव्या वर्षी बाईंना कुणी विचारलं असतं, तर त्यांनीही ते पोटाशी धरून लपवलेच असते. ज्या गुणांनी तिची बाजू मांडली असती, तेच तिला लाजेचे वाटले होते. ज्या परीक्षेच्या नावानं त्यांनी चाळीस वर्षं नाक मुरडलं, तिचाच एक आकडा आता त्यांना हवा होता.

दोघं उठून साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"एकीलाच विचारता येणार नाही, बाई. उद्या दुसरं कुणी म्हणेल, मला का नाही विचारलं?"

"मग सगळ्यांना विचारा."

"गुण न पाठवलेली मुलं हजारांत आहेत. समिती बसायला अकरा दिवस राहिलेत."

दशांश म्हणाले, "ज्या शाळांतून आजवर कुणी आलेलंच नाही, तेवढ्या काढा. दोनशेच्या आसपास भरतील." ते दोनशे सात भरले, आणि पुढचे दोन दिवस दशांशांनी हा अंदाज किती टक्के अचूक होता ते सगळ्यांना सांगितलं.

पत्र बाईंनी लिहावं असं ठरलं. सहा वाक्यांच्या पत्राला त्यांना अख्खी दुपार लागली. 'तुम्ही सामायिक परीक्षेचे गुण पाठवले नाहीत. ते कमी वाटले म्हणून राहिले असतील, तर आम्ही ते तुमच्या शाळेच्या गुणांशेजारी ठेवून पाहू, दुसऱ्या कुणाच्या नाही. पाठवायचे की नाही, हे अजूनही तुमच्याच हातात आहे.' बाकीची तीन वाक्यं तारीख, पत्ता आणि शुभेच्छांची होती.

एकशे तीस मुलांनी गुण पाठवले. मुलीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. चारशे सत्त्याण्णव तिचेच होते. खाली तिनं एक ओळ जोडली होती: 'विज्ञानाच्या भागात एक प्रश्न चुकीचा छापला होता असं मला वाटतं, पण खात्री नाही.'

"ही तीच," दशांश म्हणाले. "निबंध तिनंच लिहिलाय. बाई, तुमचं नाक दहापैकी नऊ पूर्णांक आठ."

"दोन दशांश कुठे गेले?"

"सर्दीचे."

त्या दिवशी बाई घरी न जाता थेट दुकानात गेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. नवरा एका चौकटीचा स्क्रू बसवत होता. त्याच्या तोंडात दुसरा स्क्रू होता. बाईंनी सगळी हकीकत सांगितली, आणि सांगता सांगता आपल्या चार गुणांचंही सांगून टाकलं.

नवऱ्यानं तोंडातला स्क्रू काढला. "चार? इतकी वर्षं मला वाटत होतं शंभरेक गुणांनी गेलं असेल. म्हणून तर मी कधी विचारलं नाही, म्हटलं उगाच जखमेवर कशाला."

"अहो, शंभरनं? मला काय ढ समजत होता?"

"समजत असतो तर लग्न केलं असतं का? मला हिशोब करायला कुणीतरी हवंच होतं घरात." मग तो स्क्रू बसवत म्हणाला, "पण तुझं वाचन सावकाश आहे, हे त्या परीक्षेनं बरोबर ओळखलं, नाही का?"

"ओळखलं. तेवढंच ओळखलं."

हे बोलून बाई स्वतःच हसल्या. इतक्या वर्षांची गोष्ट दुकानात उभ्या उभ्या चार वाक्यांत संपली, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांना हलकं हलकं वाटत होतं, आणि भूकही लागली होती.

पण सगळंच गोड झालं नाही. आलेल्या गुणांत आणखी एका मुलाचे गुण होते. हा मुलगा बोलताना अडखळायचा, आणि शेजारच्या दृष्टी गेलेल्या आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. कुठले शब्द जिभेवर अडतात आणि त्यांच्या जागी तो कुठले घालतो, यावर त्यानं लिहिलं होतं. तो निबंध बाईंनी चादरींच्या निबंधाइतक्याच आवडीनं वाचला होता. त्याचे गुण आले दोनशे सहासष्ट. त्याच्या शाळेची सरासरी तीनशे पाच. समितीनं त्याचा अर्ज पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

"आपण मागितलेच नसते तर?" बाईंनी दशांशांना विचारलं.

"तर कदाचित आला असता."

"आणि मग?"

दशांशांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "माहीत नाही, बाई. गणितात अडकला असता, किंवा नसताही. भाषा घेतली असती तर चमकलाही असता. खरंच माहीत नाही."

त्यांच्या तोंडून आकड्यावाचून आलेलं ते पहिलं उत्तर. बाईंनी त्या मुलाच्या अर्जावर स्वतःच्या हातानं शेरा वाढवला, आणि साहेबांना विचारून त्याला नकाराच्या छापील पत्राऐवजी वेगळं पत्र पाठवलं. त्यात त्याच्या निबंधाचं नेमकं काय आवडलं ते लिहिलं, आणि भाषा चांगली शिकवणाऱ्या तीन कॉलेजांची नावं दिली. त्यातलं एक बाईंचं स्वतःचं होतं. तेवढ्यानं मनाची टोचणी गेली नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं वाटलं.

मुलीचा अर्ज समितीसमोर आला तेव्हा खोलीत सात जण होते. वाचकांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा रिवाज. एका सदस्यानं सुरुवातीलाच सांगितलं, "चारशे सत्त्याण्णव. आपल्या सरासरीच्या पुष्कळ खाली. हिला आत घेऊन आपण तिच्यावरच अन्याय करू."

साहेबांनी दशांशांकडे पाहिलं. दशांश म्हणाले, "मी इथे सव्वीस वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवलं. चारशे ऐंशीच्या वरची मुलं धडपडतात, पण तरतात. त्याखाली मी छातीठोकपणे काही सांगत नाही. ही वर आहे, आणि तेही जिथे भौतिकशास्त्राला दोन वर्षं शिक्षक नव्हता अशा शाळेतून. माहितीपत्रकात आहे ते, चौथ्या ओळीत."

मग साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना बरंच काही बोलायचं होतं. त्यांनी फक्त निबंधातला तो परिच्छेद मोठ्यानं वाचला, आपल्या नेहमीच्या गतीनं. 'जवळजवळ म्हणते' इथे एक सदस्या हसली आणि तिनं अर्ज पुढे ओढून स्वतः वाचायला घेतला. मतं झाली पाच विरुद्ध दोन. मुलगी आली.

पुढचं बाईंना दशांशांकडून कळत गेलं, कारण त्यांचं अजून गणित विभागात जाणंयेणं होतं. मुलगी पहिल्या सत्रात गणितात नापास झाली, दुसऱ्यांदा बसून पास झाली. प्रयोगशाळेत मात्र तिनं आल्या आल्या तराजूची चूक काढली, आणि तिथले कर्मचारी आता काही बिघडलं की आधी तिला हाक मारतात. बाईंनी तिला कधी गाठलं नाही. वाचकानं ओळख द्यायची नाही असा नियमच आहे, आणि त्यांनाही ते बरं वाटलं. पोरीनं कुणाचे उपकार मानत का फिरावं?

कॉलेजानं पुढच्या वर्षी नियम थोडा बदलला. गुण पाठवणं अजून मुलांच्याच मर्जीवर राहिलं, पण संकेतस्थळावरची ती ठळक सरासरी काढून टाकली, आणि तिच्या जागी बाईंची सहा वाक्यं आली. तारीख आणि पत्ता वगळून चारच राहिली.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला चार नवे वाचक आले. त्यांना काम समजावून द्यायला साहेबांनी बाई आणि दशांश या जोडीलाच बसवलं. तासाभरानं त्यांच्यातल्या एका तरुण शिक्षिकेनं वही उघडून, पेन सरसावून विचारलं, "पण सर, शेवटी सामायिक परीक्षेच्या गुणांना किती महत्त्व द्यायचं? म्हणजे साधारण किती टक्के?"

"पस्तीस पूर्णांक पाच," दशांश म्हणाले.

"लिहू नकोस गं," बाई म्हणाल्या. "काही पोरांच्या बाबतीत मुळीच नाही. काहींच्या बाबतीत त्यांच्याकडे दाखवायला तेवढंच असतं. ते कुणाचं कसं, हे बघायला अख्खा अर्ज वाचावा लागतो."

"मग सरासरी काढली तर पस्तीस पूर्णांक पाचच येईल," दशांश म्हणाले.

"सर, तुम्ही चहाला चला."

ती शिक्षिका दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, मग तिनं लिहिलेला आकडा खोडला. बाईंनी तिच्यासमोर पहिला अर्ज सरकवला आणि म्हणाल्या, "सावकाश वाच. काही घाई नाही." आणि दशांशांच्या मागोमाग त्या जिन्याकडे निघाल्या.